टायरमध्ये नायट्रोजन : लाभ खरा, पण मर्यादित

भिलाई : येथील सिविक सेंटरहून निघालेली मोटार राष्ट्रीय महामार्ग ५३ ने नागपूर आणि तेथून ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जाते, तेव्हा तिचे टायर दीर्घकाळ तापत राहतात. अशा प्रवासाआधी साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा काय, हा प्रश्न वाहनधारकांना पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही जुलै २०१९ मध्ये तो बंधनकारक करण्याचा विचार राज्यसभेत बोलून दाखवला होता.

वस्तुतः साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या भागातील ऑक्सिजन रबरातून तुलनेने लवकर झिरपतो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या टायरमधील दाब अधिक काळ टिकतो. मात्र हा फरक फार मोठा नाही. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी नियतकालिकाने वर्षभर घेतलेल्या चाचणीत ३० पीएसआयवरून हवेच्या टायरमधील दाब सरासरी ३.५, तर नायट्रोजनच्या टायरमधील २.२ पीएसआयने घटला.

नायट्रोजन तापल्यावर प्रसरण पावत नाही, हा समज चुकीचा आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन यांचा दाब उष्णतेने जवळपास सारखाच वाढतो. फरक पडतो तो हवेतील बाष्पामुळे.

विमानांची गोष्ट निराळी. मार्च १९८६ मध्ये मेक्सिकाना कंपनीच्या विमानाचा ब्रेक अतितप्त होऊन हवा भरलेला टायर फुटला आणि १६७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांच्या टायरमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक घातला. मोटारीचा टायर इतका तापत नाही. तो फुटण्यामागे बहुधा कमी दाब, जादा भार किंवा झीज असते. दाब कमी असला की टायरच्या कडा वारंवार दुमडतात आणि त्यातूनच उष्णता वाढते.

दुकानदाराकडे एक चौकशी अवश्य करावी. रिकाम्या टायरमध्ये मुळात हवा असतेच. त्यामुळे एकदाच ३३ पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरला, तरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आत राहतो. तो घटवण्यासाठी टायर रिकामा करून पुन्हा भरावा लागतो.

दाब टायर थंड असताना, स्टेपनीसह, महिन्यातून एकदा तपासावा. योग्य आकडा बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. वाटेत तो कमी आढळल्यास नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरण्यास हरकत नाही.