कॅनबेराची झाकली मूठ

7 नोव्हेंबर 1920 रोजी मेलबर्नच्या रिचमंड भागात आयरिश वंशाच्या लोकांची मोठी सभा भरली. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी ब्रिटिश तुरुंगात उपोषण करून नुकतेच मरण पावले होते आणि लोकांच्या मनातला संताप ताजा होता. मजूर पक्षाचे खासदार आणि माजी मंत्री ह्यू महॉन यांचा जन्मच आयर्लंडातला. ते त्या सभेत ब्रिटिश सत्तेविरुद्ध जळजळीत बोलले. चारच दिवसांनी पंतप्रधान बिली ह्यूज यांनी प्रतिनिधिगृहात ठराव मांडला, वाद रात्री उशिरापर्यंत चालला आणि बहुमताच्या जोरावर महॉन यांची खासदारकी रद्द झाली. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य संसदेने हाकलून दिलेला हा एकमेव सदस्य. त्यांनी कोणाचे पैसे खाल्ले नव्हते की हाताखालच्या कोणाला छळले नव्हते. सभागृहाबाहेर केलेले एक भाषण, एवढाच त्यांचा गुन्हा. या हकालपट्टीचा सल पुढे टिकून राहिला. बहुमतवाल्यांच्या हाती असे हत्यार असू नये, या विचाराने 1987 च्या संसदीय विशेषाधिकार कायद्यात हकालपट्टीचा अधिकार दोन्ही सभागृहांनी स्वतःहून सोडून दिला. दिवाळखोरी, परकीय नागरिकत्व, एक वर्ष किंवा त्याहून अधिक कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरणे अशा राज्यघटनेतल्या मोजक्या अपात्रता वगळल्या, तर तेव्हापासून कॅनबेरातल्या सदस्याला मतदाराशिवाय कोणीही घरी पाठवू शकत नाही.

याचा परिणाम असा झाला की कागदोपत्री प्रत्येक जण आपल्या मर्जीने जातो. कोणी राजीनामा देतो, कोणी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर करतो, कुणाला कुटुंबाला वेळ द्यायचा असतो. वीस वर्षे इमानाने काम करून थकलेला माणूस आणि चौकशी अंगाशी येते म्हणून काढता पाय घेणारा माणूस एकाच दारातून, एकाच प्रकारचे निवेदन वाचून बाहेर पडतात आणि सभागृह दोघांनाही सारखाच निरोप देते. गेल्या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या खासदारांच्या गच्छंतीवर पुष्कळ चर्चा झाली, पण ती बहुतेक कोण गेले आणि जागा कोणाला मिळाली याभोवती फिरली. माझ्या मते खरा इतिहास या जाण्याच्या रिवाजात आहे. ज्या कामाच्या ठिकाणी तक्रारीचा निवाडा करणारे कोणी नव्हते, तिथे कोणीतरी निघून जाणे हाच निवाडा मानला गेला. आणि सगळ्यात आधी जायचे ते बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला तोच माणूस.

हे समजून घ्यायला 1984 हे वर्ष पाहावे लागते. बॉब हॉक यांच्या मजूर सरकारच्या त्या एका वर्षात दोन कायदे झाले. पहिला लिंगभेदविरोधी कायदा. मंत्री सुझन रायन यांनी चिवटपणे लढून तो मंजूर करून घेतला आणि कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ देशभर बेकायदा ठरला. दुसरा, खासदारांच्या कर्मचाऱ्यांचा कायदा. त्याने मंत्र्यांच्या आणि खासदारांच्या कार्यालयातल्या माणसांच्या नेमणुकीला कायद्याचा आधार दिला, पण नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार जवळजवळ पूर्णपणे त्या त्या खासदाराकडे ठेवला. लेखी नोटीस दिली की नोकरी संपली. त्याहून वाईट म्हणजे खासदार मरण पावला, हरला किंवा राजीनामा देऊन गेला की त्याच्या कर्मचाऱ्यांची नोकरीही आपोआप जाई. कार्यालयातल्या एखाद्या तरुण मुलीने तक्रार केली आणि ती खरी ठरून साहेबांना जावे लागले, तर तिच्यासह तिच्या सगळ्या सहकाऱ्यांच्या पोटावर पाय. अशा ठिकाणी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करण्यापलीकडे माणूस काय करणार? देशातल्या सगळ्या मालकांना शिस्त लावणारी संसद स्वतःला मात्र त्या शिस्तीबाहेर ठेवून होती. लिंगभेदविरोधी कायद्याच्या छळाच्या तरतुदी खासदारांना आणि न्यायाधीशांना स्पष्टपणे लागू झाल्या त्या 2021 मध्ये, म्हणजे 37 वर्षांनी.

संसदेला स्वतःवर देखरेख जमतच नव्हती, असेही म्हणता येत नाही. पैशाच्या बाबतीत ती जमली. 2014 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सभापती ब्रॉनविन बिशप यांनी पक्षाच्या एका कार्यक्रमासाठी मेलबर्नहून जीलाँगला सरकारी खर्चाने हेलिकॉप्टर नेले, बिल पाच हजार डॉलरच्या वर गेले आणि 2015 मध्ये प्रकरण उघड झाल्यावर त्यांना सभापतिपद सोडावे लागले. पुढच्याच निवडणुकीत पक्षाने त्यांची उमेदवारीही कापली. जानेवारी 2017 मध्ये आरोग्यमंत्री सुझन ले यांनी प्रवासखर्चाच्या वादात राजीनामा दिला आणि त्याच वर्षीच्या जुलैत खासदारांचे खर्च तपासणारे स्वतंत्र प्राधिकरण कामाला लागले. तिकिटाचा हिशेब कागदावर असतो, लोकांना तो चटकन कळतो, वर्तमानपत्राला तो छापता येतो. माणसाच्या छळाचा हिशेब ठेवणारे प्राधिकरण यायला मात्र आणखी सात वर्षे जावी लागली. डॉलर आधी मोजले गेले आणि माणसे नंतर, ही या संसदेच्या इतिहासातली मला सर्वांत लाजिरवाणी वाटणारी गोष्ट आहे.

मधल्या काळात जुनाच रिवाज चालू राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांचे पूर्वीच्या सहकारी महिलेशी असलेले संबंध उघड झाल्यावर पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी मंत्र्यांना स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी शरीरसंबंध ठेवायला बंदी करणारे कलम आचारसंहितेत घातले. पण ही संहिता पंतप्रधानांची, पाळायची की नाही हे ठरवणारेही पंतप्रधानच. त्याच ऑगस्टमध्ये लिबरल पक्षातल्या बंडाळीत खुद्द टर्नबुल यांचे पद गेले आणि काही दिवसांतच चिझमच्या खासदार ज्युलिया बँक्स यांनी दादागिरीला कंटाळून पुन्हा उभे न राहण्याचे जाहीर केले. 2016 मध्ये मजूर पक्षाकडून जागा हिसकावून घेणाऱ्या त्या एकट्याच लिबरल उमेदवार होत्या. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पक्षही सोडला, पुढे अपक्ष म्हणून लढल्या आणि हरल्या. दादागिरी कोणी केली, कशी केली, याचा अधिकृत निवाडा कुठेच झाला नाही. तो करणारी जागाच नव्हती. दुसऱ्या बाजूला मजूर पक्षाच्या लिंडसेच्या खासदार एमा हुसार यांच्यावर त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी वाईट वागणुकीचे आरोप केले, पक्षाने आपल्या पद्धतीने चौकशी लावली आणि तिचा निष्कर्ष बाहेर येण्याआधीच त्यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर करून टाकले. एक बाई तक्रारदार, दुसरी आरोपी. दोघींच्याही बाबतीत सत्य काय ते ठरण्याआधी दार वाजले आणि प्रकरण मिटले.

15 फेब्रुवारी 2021 रोजी मात्र ही झाकली मूठ उघडली. ब्रिटनी हिगिन्स या माजी कर्मचारी तरुणीने सांगितले की मार्च 2019 मध्ये संसद भवनातच, मंत्र्याच्या कार्यालयात, एका सहकाऱ्याने तिच्यावर बलात्कार केला. त्या सहकाऱ्याने हे नाकारले. फौजदारी खटला ज्युरीतल्या एका सदस्याच्या गैरवर्तनामुळे मध्येच थांबला आणि पुन्हा उभा राहिला नाही; 2024 मध्ये बदनामीच्या दिवाणी दाव्यात न्यायमूर्ती मायकेल ली यांनी, दिवाणी कसोटीनुसार, तो बलात्कार झाल्याचा निष्कर्ष दिला. या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती 2019 मधली गोष्ट. त्या माणसाला तेव्हा नोकरीवरून काढले गेले ते सुरक्षेचे नियम मोडल्याच्या कारणावरून. त्या इमारतीच्या व्यवस्थेला दिसले ते रात्री उघडलेले दार. त्या दाराआड असलेली मुलगी दिसली नाही. तिने जानेवारी 2021 मध्ये नोकरी सोडली. महिन्याभरात ती बोलली आणि 15 मार्चला देशभरच्या शहरांत हजारो बायका रस्त्यावर आल्या.

लिंगभेदविरोधी आयुक्त केट जेंकिन्स यांचा अहवाल 30 नोव्हेंबर 2021 रोजी आला. 1,700 हून अधिक निवेदने त्यांच्यापुढे आली होती. संसदीय कार्यालयांत तेव्हा काम करणाऱ्या आणि पाहणीत भाग घेणाऱ्या लोकांपैकी 51 टक्क्यांनी दादागिरी, लैंगिक छळ किंवा लैंगिक हल्ला यांपैकी काहीतरी एकदा तरी अनुभवले होते. लैंगिक छळ सोसलेले तीनातले एक. महिला खासदारांत तर हे प्रमाण 63 टक्के होते, म्हणजे कायदे करणाऱ्या बायकाही सुरक्षित नव्हत्या. या देशात बायकांना मताचा आणि उमेदवारीचा हक्क 1902 मध्ये मिळाला, आदिवासी बायकांना बहुतांशी वगळून. पहिल्या दोन खासदार, एनिड लायन्स आणि डोरोथी टँग्नी, 1943 मध्ये निवडून आल्या. त्यानंतर 78 वर्षांनी हा आकडा छापला गेला. पण मी सारखा परत जातो तो दुसऱ्याच आकड्याकडे. लैंगिक छळ झालेल्यांपैकी तक्रार केली फक्त 11 टक्क्यांनी. उरलेले सोसत राहिले किंवा निघून गेले, आणि त्यांच्या जाण्याची बातमी कुठेही आली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रत्येक निवृत्तीत काळेबेरे शोधणे अन्यायाचे आहे. ते बरोबरच आहे. प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या पहिल्या आदिवासी महिला लिंडा बर्नी 2025 च्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. मजूर पक्षाचे माजी नेते बिल शॉर्टन त्याच वर्षी राजकारण सोडून कॅनबेरा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे जाणे स्वच्छ आहे, आणि त्याला तसा मान मिळायला हवा. पण सगळ्यांच्या निरोपाची भाषा एकच असली की स्वच्छ माणसावरही संशयाची सावली पडते. रिवाजाचा तोटा त्यालाही होतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, आणि राजकारणात आरोप हे हत्यार असते. 2012 मध्ये सभापती पीटर स्लिपर यांच्यावर त्यांच्या एका कर्मचाऱ्याने लैंगिक छळाचा दावा केला. स्लिपर यांना सभापतिपद सोडावे लागले. त्यानंतर न्यायालयाने तो दावा म्हणजे प्रक्रियेचा राजकीय गैरवापर आहे असे म्हणत फेटाळला, 2014 मध्ये अपिलात तो निर्णय उलटला आणि शेवटी फिर्यादीनेच दावा सोडून दिला. लिबरल पक्षाचे मंत्री ॲलन टज यांच्यावर पूर्वीच्या कर्मचारी महिलेने छळाचा आरोप केला, त्यांनी तो नाकारला, सरकारी चौकशीला पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि 2023 मध्ये ते संसद सोडून गेले. दोन्ही ठिकाणी तक्रारदाराला न्याय मिळाला नाही आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याचे नावही धुऊन निघाले नाही. निर्दोषत्वाची काळजी असलेल्यांनीच स्वतंत्र निवाड्याची मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी, कारण पक्षाच्या सोयीने ठरलेला राजीनामा निर्दोषाला कधीच सोडवत नाही.

मतदार आहेत ना निवाडा करायला, हा तिसरा आक्षेप. टज यांच्या ॲस्टन मतदारसंघात 1 एप्रिल 2023 रोजी पोटनिवडणूक झाली आणि सत्ताधारी मजूर पक्षाने विरोधकांची जागा जिंकली. असे याआधी घडले होते ते महॉन यांच्या कॅलगुर्लीत, डिसेंबर 1920 मध्ये. मतदाराचा फटका खराच असतो, पण तो पक्षाला बसतो, आणि मतदार कशासाठी रागावला हे मतपेटी सांगत नाही. सिनेटमध्ये तर तोही प्रश्न नाही: सदस्य गेला की राज्याचे विधिमंडळ त्याच पक्षाचा माणूस नेमते, पोटनिवडणूक होतच नाही. मग हकालपट्टीचा अधिकार परत आणावा का? न्यू साऊथ वेल्स राज्याच्या विधिमंडळाकडे तो आजही आहे. तिथे कायामाचे आमदार गॅरेथ वॉर्ड लैंगिक गुन्ह्यांत जुलै 2025 मध्ये दोषी ठरले, तरी पद सोडेनात. ऑगस्टमध्ये हकालपट्टीचा ठराव मतदानाला येण्याच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. 1951 मध्ये मुंबईचे खासदार एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी पैसे घेऊन संसदेत काम केल्याचे सिद्ध झाले आणि हकालपट्टीच्या ऐन क्षणी त्यांनी राजीनामा पुढे केला. फरक एवढाच की आपल्या संसदेने ठरावात नोंदवले की हा माणूस हकालपट्टीलाच पात्र होता आणि त्याच्या राजीनामापत्रातल्या भाषेने त्याचा अपराध वाढला. दोन्ही देशांनी आपल्या सभागृहांचे विशेषाधिकार ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाकडून घेतले. भारताने हकालपट्टी ठेवली, ऑस्ट्रेलियाने टाकली. महॉन यांचे उदाहरण समोर ठेवले तर ती टाकली हे मला चूक वाटत नाही. चूक ही झाली की तिच्या जागी तीन दशकांहून अधिक काळ काहीच ठेवले नाही, आणि मुदगल प्रकरणातली ती एक ओळ, जाणारा माणूस नेमका का गेला हे लिहून ठेवणारी, कॅनबेराच्या दप्तरात लिहिण्याची सोयच राहिली नाही.

ती सोय आता थोडीफार झाली आहे. 8 फेब्रुवारी 2022 रोजी दोन्ही सभागृहांनी अन्याय सोसलेल्यांची जाहीर दखल घेतली, 2023 मध्ये कर्मचाऱ्यांचा कायदा सुधारला आणि त्यांच्यासाठी वैधानिक साहाय्य सेवा सुरू झाली, आणि 14 ऑक्टोबर 2024 पासून स्वतंत्र संसदीय आचरण आयोग काम करू लागला. तक्रार आता साहेबांच्या टेबलावरून न जाता आयोगाकडे जाते. गंभीर प्रकरणात आयोग निलंबनाची किंवा वार्षिक वेतनाच्या 2 ते 5 टक्के दंडाची शिफारस करू शकतो. ही शिफारस विशेषाधिकार समितीपुढे आणि तिथून सभागृहापुढे जाते. शिक्षा द्यायची की नाही, यावर शेवटचे मत अजूनही खासदारच देतात.