महीकाठ ते सुरत : सहा दिवस

ख्रिस्तोफर नोलनचा ‘डंकर्क’ 2017 मध्ये पडद्यावर आला. 1940 मध्ये डंकर्कहून समुद्रमार्गे सुटलेल्यांची गणती 3,38,226 अशी अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत झालेली आहे. चित्रपट पाहताना मला सारखी आठवत होती ती बडोद्याजवळची मही, आणि 1775 चा फेब्रुवारी. तिथे फौज कोंडीत सापडली, आणि समुद्राने वाचवले ते तिच्या धन्याला, पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना.

आधी निश्चित ते पाहू. जानेवारी 1775 च्या आरंभी दादा बडोद्यापुढे आले. बडोद्याच्या गादीसाठी भांडणाऱ्या गायकवाड बंधूंपैकी गोविंदराव त्यांच्या बाजूने, तर फत्तेसिंहराव शहरात. पुणे दरबाराकडून हरिपंत फडके चालून येताच वेढा उठला. 17 फेब्रुवारीला महीकाठी दादांचा मोड झाला. थकलेला पगार मिळेपर्यंत दादांचे अरब शिपाई लढायला तयार नव्हते, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात. ते पराभूतांना सोयीचे कारणही असू शकेल. पण दादांची तंगी पाहता मला ते खरे वाटते. गोविंदराव कपडवंजकडे गेले, दादा खंबायतेकडे.

पुढचा आधार ग्रँट डफचा 1826 चा मराठ्यांचा इतिहास. दादांबरोबर सुमारे हजार स्वार होते. खंबायतच्या नवाबाने भीतीने दरवाजे लावून घेतले. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रतिनिधी चार्ल्स मॅलेट याने त्यांना युक्तीने भावनगरला पोचवले आणि तिथून गलबताने दादा 23 फेब्रुवारीला सुरतेत उतरले. दोन तारखा पक्क्या, मधले सहा दिवस मोकळे. भावनगरपर्यंतचा पहिला टप्पा पाण्याने झाला की जमिनीने, हे डफच्या वाक्यावरून ठरत नाही.

इथे चंद्राची साक्ष काढता येते. तिथीचे गणित मागे नेले तर माघी पौर्णिमा 15 फेब्रुवारीच्या आसपास पडते. पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी उधाणाची भरती सर्वांत मोठी असते, आणि खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. ओहोटीला खंबायतची होडी चिखलात रुतते. उधाणात तीच किनाऱ्यावरून सहज सुटते. म्हणजे दादा पोचले ते नेमके होडी सुटण्याच्या दिवसांत! उलट जमिनीने जायचे तर आखाताच्या टोकाला वळसा, साबरमती ओलांडणे, आणि पाठीवर हरिपंत. पहिला टप्पाही पाण्यानेच झाला असावा, असे मी धरतो. पण हा तर्क आहे, कागद नव्हे.

ते हजार स्वार होडीत मावणार नव्हते, हे मात्र तर्कावाचूनही कळते. त्यांचे काय झाले? उरलेल्या फौजेचा माग एप्रिलमध्ये लागतो. दादा आणि कंपनी यांच्यातल्या 6 मार्चच्या सुरतेच्या तहानंतर कंपनीच्या कर्नल कीटिंगची सुमारे 1500 माणसे जहाजांनी खंबायतेला उतरली, बरोबर दादाही होते. आणि विखुरलेले सैन्य त्यांना येऊन मिळाले. कीटिंगचा चिटणीस जेम्स फोर्ब्स याने त्या मोहिमेचे वर्णन ‘ओरिएंटल मेम्वार्स’मध्ये केले आहे. 18 मे रोजी लढाई झाली ती अडासला, महीच्याच परिसरात. फेब्रुवारीत मागे राहिलेले किती जण त्या दिवशी पुन्हा उभे होते, त्याची यादी नाही.

मॅलेट पुढे पुण्यात रेसिडेंट होऊन आला. दादांना सुरतेच्या वाटेला लावणारा हाच माणूस, हे दरबारात नाना फडणिसांच्या मनात नक्कीच असणार.