शाफ्ट तुटला की आणखी काय काय तुटतं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या ‘उपाधी’पाशी थांबलो होतो. ‘जिथं धूर, तिथं अग्नी’ हे खरं. पण ‘जिथं अग्नी, तिथं धूर’ हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं इंधन लागतं. ही जी लपलेली अट, ती उपाधी. आज हीच कल्पना घेऊन आपण जरा वेगळ्या ठिकाणी जाऊ, पिकअप गाडीच्या इतिहासात.

१५ एप्रिल १९२५ ला अमेरिकेत फोर्ड कंपनीनं आपल्या मॉडेल टी या मोटारीला मागं हौदा बसवून ती बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. शेतकऱ्याला परवडेल अशी ही गाडी. हिच्यात इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टवर जायची, आणि शाफ्टच्या टोकाचं दातेरी चक्र मागच्या अॅक्सलचं मोठं चक्र फिरवायचं. ही चक्रं एकमेकांत अडकून राहावीत म्हणून आत बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूच्या चकत्या असत. वर्षानुवर्षांच्या वापरानं त्या कधीकधी भुगा होऊन जात. मग चक्रं एकमेकांपासून सुटत. इंजिन चालू, गाडी मात्र जागेवर.

इथवर नुसती गैरसोय झाली. पण हेच उतारावर झालं तर? मॉडेल टीचा पायातला ब्रेक चाकांवर नव्हता, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर होता. लो गिअरचं आणि रिव्हर्सचं पेडलही तिथलंच. अडचणीत लोक त्यांचाही ब्रेकसारखा उपयोग करत. मागची चक्रं सुटली की तिन्ही पेडलं एकदम निकामी. उरायचा फक्त मागच्या चाकांवरचा हातब्रेक, तोही मुख्यतः गाडी उभी करण्यापुरता. ‘पेडल दाबलं की गाडी थांबते’ ही चालकाची व्याप्ती रोज खरी ठरत होती. तिची उपाधी होती मधला सलग दुवा. तो तुटेपर्यंत ती कोणाला दिसत नव्हती. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एला चारही चाकांवर ब्रेक दिले गेले.

मग प्रश्न मिटला का? अर्धाच. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या पिकअपमधून घाट चढत होतो. खाडकन आवाज झाला. गिअर पडत होता, क्लच सोडला तरी गाडी हलेना. हँडब्रेक ढिला होता. ड्रायव्हर म्हणाला, “काळजी नको, गिअरात टाकतो आणि खाली जाऊन बघतो.” इंजिन बंद करून त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी मागं सरकू लागली! त्यानं पुन्हा पाय दाबला म्हणून आपण आज बोलतोय.

बरोबर एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी आधी उतरून चाकांमागं मोठे दगड लावले. मग इंजिन सुरू करवून, क्षणभरच, गिअर टाकून हळू क्लच सोडायला लावला. गाडी उभी, पण स्पीडोमीटरचा काटा वर गेला. त्या गाडीत काट्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला होती. म्हणजे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स ठीक. दोष त्याच्या मागं. इंजिन बंद करून बाजूनं वाकून पाहिलं तर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस तुटून शाफ्ट लोंबत होता. शाफ्ट शाबूत असता, तर पुढचा संशय डिफरन्शियलवर किंवा अॅक्सलवर. साध्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूचा अॅक्सल तुटला तरी दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही.

मिस्त्रींच्या कामाचा क्रम ध्यानात ठेवा. ‘काय तुटलंय’ हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. पहिला असा: जे तुटलंय त्याच्या भरवशावर आपण आणखी काय धरून बसलोय? गिअर गाडीला धरतो तो शाफ्टमार्फतच. शाफ्ट गेला की ती धरही गेली. तर्कशास्त्र आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं, पण त्या घाटात दगड शोधायचं आम्हाला सुचलं नाही, हे इथं कबूल केलं पाहिजे.

पुढच्या वेळी हेत्वाभासांकडे वळू. आता प्रश्न घेऊया.