१९८९ सालचे दोन कागद

कॉन्फरन्सच्या टॉकचं प्रपोजल कसं लिहावं असं कुणी विचारलं, की मी हल्ली एक जुना कागद वाचायला देतो. तो आपल्या कम्प्युटरवाल्यांचा नाहीच मुळी. १४ जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये, म्हणजे लंडनहून निघणाऱ्या त्या भारदस्त वैद्यकीय साप्ताहिकात, तो छापून आला. पाठवला होता गडचिरोलीहून. आम्ही चंद्रपूरकर मनातून अजूनही गडचिरोलीला आपलाच तालुका समजतो (जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, पण ते असो), त्यामुळे मला या कागदाचं जरा जास्तच कौतुक आहे हे आधीच सांगून टाकतो.

लिहिणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं, मग डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी. दोघंही नागपूरला शिकलेले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले, आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारून बसलेले. विषय होता खेड्यातल्या बायकांचे स्त्रीरोग. लंडनच्या संपादकाला गडचिरोली नकाशात शोधावी लागली असेल, असा आपला माझा अंदाज.

आता या लेखाचा सारांश बघा. मोजून काही वाक्यं. दोन गावं, ६५० बायका. त्यांतल्या ५५ टक्के बायकांना काही ना काही तक्रार होती, ४५ टक्क्यांना काहीच नव्हती. आणि तपासणीत एक तरी आजार निघाला तो ९२ टक्के बायकांना! सरासरी एकीला ३.६ आजार. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

मी हा सारांश पहिल्यांदा वाचला तेव्हा ९२ वर अडकलो होतो. सगळेच अडकतात. पण खरी बातमी ४५ आणि ९२ यांच्या मधे आहे. ज्यांची काही तक्रारच नाही अशा बायकासुद्धा आजारी आहेत, म्हणजे त्या दवाखान्यात येणारच नाहीत, म्हणजे दवाखान्यात बसून कितीही वर्षं नोंदी ठेवल्या तरी हा आकडा दिसणारच नाही. त्यासाठी गावातच जावं लागतं. 'आमची पद्धत वेगळी आहे' असं एकही वाक्य न लिहिता पद्धतीची गरज त्या दोन आकड्यांतून कळते. आपल्याकडे लोक याच कामासाठी 'नावीन्यपूर्ण' हा शब्द चार वेळा वापरतात.

त्याच्याही पुढचं एक वाक्य मला फार आवडतं. कुणीही जाणकार विचारणार, की हे आजार गर्भनिरोधक साधनांमुळे तर नाहीत ना? सारांशातच उत्तर आहे: संबंध आढळला, पण एकूण आजारांचा लहानसाच भाग त्यानं समजतो. शंका काढणाऱ्याच्या तोंडचा प्रश्न आपणच घ्यायचा आणि 'हो, थोडंसं तसं आहे' हेही प्रामाणिकपणे मान्य करायचं. आणि मग शेवटी एकच मागणी, की विकसनशील देशांच्या ग्रामीण भागात स्त्रीरोगांची काळजी हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग असावा. संपलं. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत जगाचं धोरण नुसत्या कुटुंबनियोजनाकडून प्रजनन आरोग्याकडे वळलं, त्यात या अभ्यासाचाही वाटा मानतात.

दुसरा कागद त्याच वर्षीचा, मार्च १९८९ चा, आणि तो मात्र आपल्या घरचा. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये टिम बर्नर्स-लीनं माहितीच्या व्यवस्थापनाबद्दल एक प्रस्ताव लिहिला. त्याचे साहेब माइक सेंडॉल यांनी वर शेरा मारला, की अस्पष्ट आहे पण रोमांचक आहे. हा किस्सा प्रत्येक कॉन्फरन्समध्ये कुणीतरी सांगतंच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की अस्पष्ट लिहिलं तरी चालतं बरं का! किस्सा सांगणारे पुढचं गाळतात. प्रस्ताव लगेच काही मंजूर झाला नाही. १९९० साली तो पुन्हा फिरवावा लागला, आणि मग सेंडॉल यांनी त्याला एक नेक्स्ट कम्प्युटर घेऊ दिला. साहेब त्याला ओळखत होते, म्हणून अस्पष्टपणा खपला.

अनोळखी लोकांपुढे काय झालं? १९९१ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला हायपरटेक्स्टवाल्यांची मोठी परिषद होती. बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो यांनी तिथे वेबवर पेपर पाठवला आणि तो नाकारला गेला. लेख पुरता झालेला नव्हता आणि त्या क्षेत्रातल्या आधीच्या कामाचे संदर्भ पुरेसे नव्हते, हे बर्नर्स-लीनं पुढे स्वतःच लिहिलंय. शेवटी नुसतं प्रात्यक्षिक दाखवायची परवानगी मिळाली. वर्ल्ड वाइड वेब, आणि व्याख्यानाला जागा नाही! रिव्ह्यूअर लोकांना हसायला ही गोष्ट बरी पडते. मी स्वतः गेली काही वर्षं एका कॉन्फरन्सच्या निवड समितीवर आहे, त्यामुळे मला त्यांची दयाच येते. एका प्रपोजलला फार तर पाच मिनिटं मिळतात, नाव झाकलेलं असतं, आणि समोर जो कागद आहे तेवढाच माणूस.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा चुलतभाऊ. तो तिकडेच चंद्रपूरला असतो आणि कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघतो. लिंक गेली की पावत्या अडकायच्या, लिंक आली की काही पावत्या दोनदा चढायच्या. यानं ते सगळं काट्यावरच साठवून नंतर नीट जुळवून घेणारं काहीतरी स्वतः लिहिलं, आणि ते चालतंय. मी मागे लागलो की पाठव. त्यानं पाठवलेल्या मसुद्याचं नाव काय, तर 'ऑफलाइन-फर्स्ट आर्किटेक्चर: ओळख आणि फायदे'. आत कोळसा नाही, ट्रक नाही, चंद्रपूर तर नाहीच. असे ओळख-आणि-फायदे दरवर्षी ढिगानं येतात हो. मी विचारलं, दिवसाला ट्रक किती? लिंक किती वेळ जाते? दोनदा चढलेल्या पावत्या किती होत्या?

"दादा, ते कोनाले सांगाचं? पुन्यातले लोक हासतीन ना."

हे उत्तर मला नवीन नाही. आमच्याकडच्या हुशार पोरांना स्वतःच्या कामातलं गावाचं नाव पुसून टाकलं की ते काम मोठं वाटायला लागतं. म्हणून मी त्याला बंगांचा दुसरा एक सारांश पाठवला, डिसेंबर १९९९ चा, तोही 'लॅन्सेट'मधलाच. नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं, त्याचा प्रयोग. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच कल्पना देशभर नेली. मला वाटतं, हा खर्चाचा आकडा नसता तर वाचणाऱ्यानं 'छान, पण आपल्याला परवडेल का' म्हणून पान उलटलं असतं.

रात्री अकराला भावाचा फोन. म्हणाला, आपल्याकडे ४७ गावांसारखं काही हाय का? मी म्हटलं तूच सांग. थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, पलीकडच्या गेटवरचा काटा अजून जुन्याच सॉफ्टवेअरवर चालतो, तेच ट्रक, तीच लिंक, नुसता काटा वेगळा.

डेडलाइन १५ तारखेची आहे. त्या काट्यावरचे बाबू रजिस्टरला सहसा कुणाला हात लावू देत नाहीत, पण सोमवारी सकाळी तो त्यांच्याकडे जाणार आहे. तीन महिन्यांच्या पावत्या हातानं मोजायच्या आहेत.