पूर, मदतकार्य आणि मतपेटी : पूर्व पाकिस्तान, १९७०

बांगलादेशच्या निर्मितीचा इतिहास वर्गात शिकवताना आपण बहुधा मार्च १९७१ पासून सुरुवात करतो. त्याआधी चार महिन्यांपूर्वी आलेल्या चक्रीवादळाचा उल्लेख झालाच तर एखाद्या वाक्यात होतो. याउलट काही लोकप्रिय लेखनात या वादळामुळेच पाकिस्तान फुटला, असे सरळ विधान आढळते. ही दोन्ही टोके इतिहासाच्या विद्यार्थ्याला उपयोगी नाहीत. वादळानंतरच्या सरकारी मदतकार्यावर जी राजकीय टीका झाली, तिची मुळे कोठे होती, तिने काय साधले आणि ती टीका करणारे स्वतः सत्तेवर आल्यावर काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री बंगालच्या उपसागरातून आलेले वादळ मेघना नदीच्या मुखाशी धडकले. रमजानचा महिना होता. पौर्णिमेची भरती आणि वादळाची लाट एकाच वेळी आली व वीस ते तीस फूट उंचीचे पाणी भोला, हातिया, मनपुरा या बेटांवरून आणि किनाऱ्यावरच्या सखल गावांवरून गेले. मृतांची संख्या तीन ते पाच लाख अशी सांगितली जाते. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सोमर व हेन्री मोझली यांनी बाधित भागात दोन पाहण्या केल्या. त्यांचा निष्कर्ष १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या हिशेबाने किमान सव्वादोन लाख माणसे, म्हणजे पाहणीच्या क्षेत्रातील दर सहा माणसांमागे एक, मृत्यू पावली. भातकापणीसाठी आलेले हंगामी मजूर या आकड्यात धरता आलेले नाहीत. मृतांत निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालील मुले होती आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांवर एकसारख्या जखमा होत्या. रात्रभर झाडाच्या बुंध्याला मिठी मारून राहिल्यामुळे त्या झालेल्या होत्या. ज्यांच्या हातांत ती ताकद होती, ते जगले.

वादळाची सूचना मिळालीच नव्हती, असे म्हणता येत नाही. वादळ येत असल्याचे सुमारे नव्वद टक्के लोकांना आधी समजले होते, परंतु पक्क्या इमारतीत आसरा घेणारे जेमतेम एक टक्का होते, असा अंदाज नंतर मांडण्यात आला. बेटांवर पक्क्या इमारती होत्याच किती, हा प्रश्न यातून उभा राहतो आणि तो आपल्याला वादळाच्या मागे, राज्यकारभाराच्या इतिहासाकडे नेतो.

पूर हा पूर्व बंगालच्या राजकारणातील जुना विषय होता. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडवणाऱ्या संयुक्त आघाडीच्या एकवीस कलमी कार्यक्रमात कालवे खोदून व सिंचन सुधारून पूर आणि दुष्काळ यांपासून प्रांत वाचवण्याचे वचन होते. फजलुल हक यांचे हे मंत्रिमंडळ केंद्राने मे १९५४ च्या अखेरीस बरखास्त केले. त्याच पावसाळ्यात प्रांतात मोठा पूर आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला. म्हणजे लोकांनी निवडलेले सरकार घरी आणि केंद्राने नेमलेला कारभार पुराला सामोरा, असे चित्र १९५४ सालीच लोकांनी पाहिले होते. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या क्रुग मंडळाने १९५७ मध्ये पूरनियंत्रणाविषयी अहवाल दिला व १९५९ मध्ये प्रांतासाठी जल व वीज विकास प्राधिकरण स्थापन झाले. काही बांध झाले, परंतु कामाचा वेग व निधी यांविषयीची तक्रार कायम राहिली. पश्चिमेत मंगला धरण १९६७ मध्ये पूर्ण झाले आणि तरबेलाचे काम लगेच सुरू झाले. या धरणांचा बराच पैसा सिंधू पाणीवाटप करारानंतर परदेशी मदतीतून आला होता, हे खरे आहे. तरीही पश्चिमेला धरणे आणि पूर्वेला आश्वासने, ही तुलना बंगाली मतदाराला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९७० सालीही पूर आणि निवडणूक यांची गाठ वादळापूर्वीच पडली होती. ५ ऑक्टोबरला ठरलेली सार्वत्रिक निवडणूक पावसाळी पुरामुळे डिसेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली होती. ती ऑक्टोबरमध्ये झाली असती तर वादळ मतदानानंतर आले असते.

आता मदतकार्याकडे वळू. राष्ट्राध्यक्ष जनरल याह्या खान चीनच्या दौऱ्यावरून परतताना ढाक्यास उतरले. १६ नोव्हेंबरला त्यांनी विमानातून बाधित प्रदेश पाहिला, मदतीत कसूर होऊ नये असा आदेश दिला व ते पश्चिमेकडे निघून गेले. राष्ट्रीय शोकदिन २१ नोव्हेंबरला, म्हणजे वादळानंतर आठवड्याहून अधिक काळाने पाळला गेला. पहिल्या दहा दिवसांत सरकारने मदतीसाठी लावलेली विमाने म्हणजे लष्कराचे एक मालवाहू विमान आणि पिकांवर औषध फवारणारी तीन विमाने. लष्करी हेलिकॉप्टरे पश्चिमेत होती. भारत आपल्या हद्दीवरून ती जाऊ देत नाही, असे सरकारने सांगितले आणि भारताने ते नाकारले. भारताने देऊ केलेली विमाने, हेलिकॉप्टरे व नौका पाकिस्तान सरकारने स्वीकारल्या नाहीत. भारतीय मदत रस्त्याने, संथ गतीने गेली. याउलट अमेरिकेची हेलिकॉप्टरे आणि सिंगापूरहून निघालेली ब्रिटिश आरमाराची जहाजे किनाऱ्यावर पोहोचली. परदेशी सैनिक दिसतात आणि आपले सैन्य दिसत नाही, ही गोष्ट ढाक्यात घरोघरी बोलली जाऊ लागली.

सरकारवरील टीका एकाच सुरातली नव्हती, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. १९ नोव्हेंबरला ढाक्यात विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला; त्यांचा रोख मदतीच्या वेगावर होता. २२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानातील अकरा राजकीय नेत्यांनी निवेदन काढून सरकारवर अक्षम्य दुर्लक्ष व बेपर्वाई यांचा आरोप ठेवला. मौलाना अब्दुल हमीद खान भाशानी यांनी बाधित भागातून परतल्यावर ढाक्यात सुमारे पन्नास हजारांच्या सभेत राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा मागितला. शेख मुजीबुर रहमान यांनीही बाधित भाग पाहून २६ नोव्हेंबरला पत्रकार परिषद घेतली. त्यांनी मदतीतील ढिलाईचा पाढा वाचला, परंतु निष्कर्ष वेगळा काढला. हा प्रश्न एखाद्या अधिकाऱ्याच्या चुकीचा नसून जेथे निर्णय होतात ते ठिकाणच बंगालपासून हजार मैल दूर असल्याचा आहे आणि त्यावर उपाय सहा कलमी स्वायत्तता हाच आहे, अशी ती मांडणी होती. निवडणूक पुन्हा पुढे ढकलण्यास त्यांचा ठाम विरोध होता. याह्या खान यांनी मदतकार्यात चुका झाल्याचे मान्य केले, मात्र आपत्तीच्या व्याप्तीचा अंदाज आला नाही, असे कारण दिले.

या घटनांचा मतपेटीवर किती परिणाम झाला? ७ डिसेंबरच्या मतदानात आणि १७ जानेवारी १९७१ रोजी वादळग्रस्त भागातील नऊ जागांसाठी झालेल्या उर्वरित मतदानात मिळून अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. या आकड्याचे श्रेय केवळ वादळाला देणे घाईचे ठरेल. सहा कलमी मागणी १९६६ पासून होती. १९६९ च्या जनआंदोलनाने अयुब खान यांची सत्ता घालवली होती व आगरतळा खटल्यातून सुटलेले मुजीब सर्वमान्य नेते झाले होते. शिवाय सर्वांत कठोर टीका करणाऱ्या भाशानींच्या पक्षाने निवडणुकीवर बहिष्कार घातल्याने मैदान मोकळे झाले. अवामी लीग वादळाविनाही मोठ्या बहुमताने जिंकली असती, असे मानण्यास जागा आहे. वादळाने नवी मागणी निर्माण केली नाही, तर जुन्या मागणीला पुरावा दिला. आतापर्यंत विषमतेचा वाद अर्थसंकल्पाच्या तक्त्यांतून मांडला जात होता. आता तो न आलेल्या हेलिकॉप्टरच्या रूपाने शेतकऱ्यालाही दिसला. जैनुल आबेदीन यांनी 'मनपुरा ७०' या लांबलचक पटचित्रात मृतांचे ढीग रंगवले. चितगावात तेल कंपनीत नोकरीला असलेल्या फजले हसन अबेद यांनी मित्रांसह मनपुऱ्यात मदतकार्य उभे केले. पुढे १९७२ मध्ये 'ब्रॅक' ही संस्था त्यांनीच स्थापन केली. मध्यमवर्ग आणि खेडे यांना जोडणारा हा अनुभव निवडणुकीच्या निकालात मोजता येत नाही, पण मार्च १९७१ मध्ये त्याचा प्रत्यय आला.

ही हकिकत येथेच थांबवली तर ती विजेत्यांची कथा होईल. १९७४ मध्ये स्वतंत्र बांगलादेशात मोठा पूर आला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. आता ढाक्यात मुजीब यांचेच सरकार होते. निर्णयाचे ठिकाण हजार मैल दूर नव्हते. क्युबाला ताग विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने धान्य अडवले, हे खरे. सरकारने जवळजवळ सहा हजार लंगरखाने उघडले, हेही खरे. तरीही अधिकृत आकड्यानुसारच सव्वीस हजारांच्या आसपास माणसे दगावली आणि अन्य अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या वर्षी देशातील दरडोई धान्य आसपासच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुरामुळे शेतमजुरांचा रोजगार बुडाला आणि तांदळाचे भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. चार वर्षांपूर्वी मुजीब यांनी जी फूटपट्टी याह्या खान यांना लावली होती, तीच आता त्यांच्या सरकारला लावली गेली. राजधानी जवळ आली म्हणजे शासन गरिबाच्या जवळ येतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

परंतु ती टीका वाया गेली, असेही नाही. १९७२-७३ मध्ये सरकार व रेडक्रॉस यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभारला. त्यात किनाऱ्यावरील गावांतील स्वयंसेवक घरोघर जाऊन इशारा देतात. निवारे मात्र सावकाश वाढले. १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख अडतीस हजार माणसे मेली, तेव्हा ही उणीव पुन्हा उघड झाली. २००७ च्या 'सिडर' वादळात मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आत राहिली. १९७० मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते, मात्र ते मिळण्यास पस्तीसहून अधिक वर्षे लागली.

इतिहासाच्या शिक्षकाला या प्रकरणातून एक उपयुक्त पद्धत मिळते. आपत्तीनंतरची सरकारवरील टीका विरोधकांचे राजकारण म्हणून सोडून देऊ नये किंवा तिचा प्रत्येक आकडा प्रमाणही मानू नये. मदत कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनांनी पोहोचवली, आधीच्या वर्षांत बांध आणि निवारे का झाले नाहीत, आणि टीकाकार सत्तेवर आल्यावर त्यांनी तीच कसोटी स्वतःला लावून घेतली का, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. आपापल्या नदीकाठच्या पुरांचा इतिहास लिहितानाही हे प्रश्न त्यांच्या उपयोगी पडतील.