डेस्कटॉप संगणकाचा आवाज आणि उष्णतेचा प्रश्न : १९७७ ते २००६

संगणकाच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे त्यात गती, स्मृतिक्षमता आणि किंमत ह्या तीन गोष्टींचा हिशेब बारकाईने मांडलेला आढळतो. यंत्र चालू असता त्यातून जो आवाज येतो त्याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. आवाज ही एक गैरसोय आहे, इतिहासाचे साधन नव्हे, असा समज त्यामागे असावा. हा समज तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सिलिकॉन तंत्रज्ञानाची एक मूलभूत मर्यादा संगणक उद्योगाने २००४ मध्ये व्यवहारात मान्य केली. परंतु मेजाशी बसून काम करणाऱ्या सामान्य माणसाच्या कानावर ती त्यापूर्वी दोनएक वर्षे पडत होती, असे माझे मत आहे. ह्या मताच्या पुष्टीसाठी प्रथम आवाजाचे कारण पाहावे लागेल.

संगणकाला जी वीज पुरविली जाते ती जवळजवळ सर्वच्या सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता बाहेर नेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हवा खेळती ठेवणे. आणि नैसर्गिक अभिसरण अपुरे पडू लागले की पंखा आलाच. पंख्याचे गणित मोठे निर्दय आहे. फेऱ्यांची गती दुप्पट केली तर हवेचा प्रवाह दुप्पट होतो, पण पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते, आणि ध्वनिशक्ती साधारणपणे गतीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १५ डेसिबलनी वाढते. दुप्पट वाऱ्यासाठी सुमारे तीसपट ध्वनिशक्ती, असा हा सौदा आहे. शिवाय पात्यांचा स्वतःचा सूर असतो तो वेगळाच. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागला की ३५० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर निघतो, आणि असा निश्चित स्वर कानाला नुसत्या वाऱ्याच्या घोंगावण्यापेक्षा अधिक टोचतो.

संगणक मेजावर येण्यापूर्वी हा प्रश्न नव्हता असे नाही. तो भिंतीआड होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा संगणक घ्या, किंवा त्याच काळातील परदेशी यंत्रे घ्या. यंत्राची खोली निराळी, तेथील वातानुकूलन निराळे, आणि गणित मांडून देणारा संशोधक बहुधा त्या खोलीबाहेरचा. गोंगाट होता तो यंत्रचालकांच्या वाट्याला. वैयक्तिक संगणकाने ही भिंत काढून टाकली. यंत्राचा मालक, चालक आणि श्रोता हे तिघे एकाच खुर्चीवर आले.

नव्या परिस्थितीची जाणीव ज्यांना सर्वांत आधी झाली त्यांत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स ह्यांचे नाव घ्यावे लागेल. घरात ठेवावयाच्या यंत्रात पंखा असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. जून १९७७ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपल टू ह्या संगणकात तो आग्रह पाळता आला, आणि त्याचे श्रेय रॉड होल्ट ह्या अभियंत्याकडे जाते. त्या काळी रूढ असलेला अवजड व तापणारा पॉवर सप्लाय बाजूला सारून होल्ट ह्यांनी वीज अतिशीघ्र चालू-बंद करून नियंत्रित करणारा, कमी तापणारा पॉवर सप्लाय त्यात बसविला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शांतता मिळाली ती पंखा काढून टाकल्यामुळे नव्हे, तर उष्णताच कमी निर्माण झाल्यामुळे. पंख्याचे नसणे हा केवळ परिणाम होता.

हा कार्यकारणभाव पुढच्या यंत्रात उलटा झाला. मे १९८० मध्ये जाहीर झालेल्या ॲपल थ्री ह्या यंत्रात पंखा नको हे आधी ठरले आणि उष्णतेची व्यवस्था नंतर पाहिली गेली. ॲल्युमिनियमच्या ओतीव सांगाड्याने उष्णता बाहेर टाकावी अशी योजना होती. प्रत्यक्षात यंत्रे वारंवार बंद पडू लागली, चिपा त्यांच्या खाचांतून सैल होऊ लागल्या, आणि यंत्र मेजापासून थोडे वर उचलून खाली आपटावे, म्हणजे चिपा पुन्हा जागी बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्यात आला. दोष बंदिस्त खोक्याचा की दाटीवाटीने आखलेल्या सर्किट फलकाचा, ह्याविषयी पुढे मतभेद झाले. खोक्याची रचना करणारे जेरी मॅनॉक ह्यांनी आपली बाजू सोडली नाही, आणि सर्व खापर पंख्याच्या अभावावर फोडणे हे मलाही न्याय्य वाटत नाही. तथापि जानेवारी १९८४ मधील मॅकिंटॉशही पंख्याविनाच आला, आणि तोही तापत असे. माथ्यावरच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जावी, एवढीच त्याची व्यवस्था होती. मग एक विलक्षण गोष्ट घडली. ॲपलच्या यंत्रांना जोडावयाचे पंखे अन्य कंपन्यांनी विकावयास काढले, आणि ग्राहकांनी ते विकत घेतले. निर्मात्याने मुद्दाम दिलेली शांतता ग्राहक पदरचे पैसे मोडून घालवीत होता, कारण त्याला यंत्राच्या आयुष्याची काळजी होती. जॉब्स १९८५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. मार्च १९८७ मध्ये आलेल्या मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा होता.

आयबीएमला असला संकोच कधीच नव्हता. ऑगस्ट १९८१ मधील तिच्या वैयक्तिक संगणकात ६३.५ वॅटचा पॉवर सप्लाय होता आणि त्यात पंखा होता. टंकलेखन यंत्रांच्या खडखडाटाला सरावलेल्या कचेरीत त्याची तक्रार कोण करणार? पुढील दहा-बारा वर्षे बहुतेक डेस्कटॉप संगणकांचा आवाज म्हणजे मुख्यतः हाच एक पंखा आणि हार्ड डिस्कची घरघर, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७४ मध्ये एका निबंधात असे दाखवून दिले की, ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात लहान करावी त्याच प्रमाणात त्याचे व्होल्टेजही कमी केले, तर चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. म्हणजे गती वाढेल, ट्रान्झिस्टरांची संख्या वाढेल, आणि उष्णतेचे दाटलेपण तेवढेच राहील. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतके उदार आश्वासन क्वचितच कोणी दिले असेल. परंतु ते पाळावयाचे तर व्होल्टेज सतत उतरते ठेवणे भाग होते, आणि उद्योगाने जुन्या यंत्रांशी मेळ राहावा म्हणून पाच व्होल्टचा प्रघात वर्षानुवर्षे चालू ठेवला. मार्च १९९३ मध्ये आलेला इंटेलचा पहिला पेंटियम पाच व्होल्टवर चालत असून पंधरा वॅटच्या आसपास उष्णता टाकीत असे. प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसविण्याची रीत ह्याच सुमारास रूढ झाली. पॉवर सप्लायच्या पंख्यानंतर हा दुसरा पंखा होय, आणि तो लहान असल्यामुळे अधिक वेगाने फिरणारा, म्हणून अधिक कर्कश.

त्यानंतर व्होल्टेज उतरू लागले, पण एका हद्दीपर्यंतच. व्होल्टेज फार कमी करावयाचे तर ट्रान्झिस्टर चालू होण्याची सीमाही खाली आणावी लागते, आणि ती खाली आणली की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते. ही गळती झपाट्याने वाढते. फेब्रुवारी २००१ मध्ये अभियंत्यांच्या एका परिषदेत इंटेलचे पॅट गेल्सिंगर ह्यांनी इशारा दिला की, ही चाल अशीच राहिली तर चिपवरील उष्णतेचे दाटलेपण प्रथम अणुभट्टीच्या, मग अग्निबाणाच्या नळकांड्याच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीस जाईल. हा इशारा सभागृहात राहिला. बाजारात मात्र गतीची स्पर्धा पूर्ववत चालू होती. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम फोरच्या १.५ गिगाहर्ट्झच्या नमुन्याची उष्णता ५५ वॅटच्या घरात गेली होती.

ह्यानंतरची दोन उदाहरणे मला पुराव्यादाखल फार महत्त्वाची वाटतात. ऑगस्ट २००२ मध्ये ॲपलने दुहेरी प्रोसेसरांचा पॉवर मॅक जी-४ काढला. एका प्रोसेसरची गती हवी तशी वाढत नव्हती म्हणून दोन बसविणे भाग पडले होते. ह्या यंत्राचा आवाज असा की वापरणाऱ्यांनी त्याला वातबोगदा असे नाव पाडले, आणि २००३ मध्ये कंपनीला कमी आवाजाचे पंखे व पॉवर सप्लाय ग्राहकांना बदलून द्यावे लागले. ज्या कंपनीने पंखा निषिद्ध मानला होता तिचीच ही कथा. दुसरे उदाहरण एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा ह्या चित्रकार्डाचे. २००३ च्या प्रारंभी आलेल्या ह्या कार्डावरील पंख्याची तुलना लोकांनी केस वाळविण्याच्या यंत्राशी केली, आणि शेवटी कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. ह्या ग्राहकांपैकी डेनार्डचा निबंध कोणी वाचला असेल असे नाही. आपले यंत्र पूर्वीच्या मानाने असह्य झाले आहे एवढेच ते सांगत होते, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, आवाज वाढला तो स्वस्त व निकृष्ट पंख्यांमुळे. चिपच्या मर्यादेशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून आणलेले आहे. आक्षेपात तथ्यांश आहे. ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा घेतला, तर तोच वायुप्रवाह सुमारे तीन-दशांश गतीने मिळतो आणि आदर्श हिशेबाने आवाज चौदाएक डेसिबलनी उतरतो. ही युक्ती पुढे सर्वत्र वापरली गेली. जून २००३ मधील पॉवर मॅक जी-५ मध्ये तर नऊ पंखे होते, खोक्याचे चार विभाग पाडलेले होते, आणि प्रत्येक पंखा जरुरीपुरताच फिरत असल्यामुळे ते यंत्र पूर्वीच्या यंत्राहून शांत होते. परंतु ज्या यंत्राला शांत राहण्यासाठी नऊ पंखे लागतात त्याच्या उष्णतेविषयी निराळे काय सांगावे?

मापनाची व्यवस्था ह्या सर्वांच्या आधीच सिद्ध होती, हे नमूद करण्यासारखे आहे. संगणक व कचेरीतील यंत्रांचा आवाज कसा मोजावा ह्याविषयीचे आयएसओ ७७७९ आणि मोजलेला आवाज कसा जाहीर करावा ह्याविषयीचे आयएसओ ९२९६ ही दोन्ही मानके १९८८ मधील आहेत. यंत्राची ध्वनिशक्ती आणि श्रोत्याच्या कानापाशी पोचणारा ध्वनिदाब ह्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून पहिली राशी डेसिबलऐवजी बेलमध्ये सांगण्याची तरतूद त्यांत होती. तरतूद शहाणपणाची, पण विक्रीच्या जाहिरातीत गिगाहर्ट्झचे आकडे झळकत आणि बेलचे आकडे माहितीपत्रकाच्या तळाशी राहत. चार तारांच्या पंख्यांसाठी इंटेलने ठरविलेली नियंत्रणाची रीतही अशीच बोलकी आहे. वीज सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद करून पंख्याची गती नियंत्रित करावी, असे तीत सांगितले आहे. हा आकडा माणसाच्या श्रवणाच्या वरच्या सीमेपलीकडचा आहे. म्हणजे कानाची मर्यादाच येथे मानकाचा भाग झाली.

हार्ड डिस्कची कथा थोडक्यात आटोपते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी १२० हर्ट्झचा स्वर पत्र्याच्या खोक्यात घुमविते. २००१ च्या सुमारास चेंडूंच्या बेअरिंगऐवजी तेलाच्या थरावर फिरणारी बेअरिंगे आली आणि तिची किणकिण बरीच थांबली. पुढे फिरते भाग नसलेल्या डिस्कांनी हा प्रश्नच निकालात काढला.

फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने ट्रान्झिस्टर आणखी लहान करून प्रेस्कॉट ह्या नावाने ओळखला जाणारा पेंटियम फोर आणला. डेनार्डच्या नियमाने त्याची उष्णता घटावयास हवी होती. प्रत्यक्षात ३.४ गिगाहर्ट्झ ह्याच गतीला जुन्या नमुन्याचे ८९ वॅट होते ते नव्याचे १०३ झाले. मे महिन्यात पुढच्या प्रोसेसरची योजना रद्द झाली, आणि ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेतही सोडून देण्यात आला. जुलै २००६ मधील कोअर टू ड्युओ ६५ वॅटवर आला, गतीचा आकडा मागे घेऊन. डेस्कटॉप संगणक पुन्हा शांत होऊ लागले ते मुख्यतः ह्यानंतर, आणि होल्ट ह्यांनी १९७७ मध्ये अनुसरलेल्या मार्गानेच.

पंखे मंदावल्यावर एक निराळा आवाज कानावर येऊ लागला. विद्युतप्रवाहाच्या चढउताराबरोबर कॉईलचे वेढे थरथरतात. सिरॅमिक कपॅसिटर दाबविद्युत गुणधर्मामुळे सूक्ष्म प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, आणि त्यांना धरून ठेवणारा सर्किट फलक तबल्याच्या पुडीसारखा तो कंप हवेत सोडतो. हा आवाज पूर्वीही होता, पंख्याने तो झाकला होता. तो कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतो, आणि म्हणून त्यातून काम ओळखता येते. २०१३ मध्ये गेन्किन, शमीर व ट्रोमर ह्या इस्रायली संशोधकांनी घटकांचा असा आवाज ऐकून लॅपटॉपमधील ४,०९६ बिटांची गुप्त किल्ली हस्तगत करून दाखविली. २०१६ मध्ये बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी, कोणत्याही जाळ्याशी न जोडलेल्या संगणकाच्या पंख्याची गती कमी-जास्त करून तासाला ९०० बिटांपर्यंत मजकूर शेजारच्या फोनला पोचविला. पहिल्या प्रयोगाविषयी असा प्रश्न निघाला होता की, पंख्याच्या गोंगाटात किल्लीचा आवाज बुडून जाणार नाही काय? संशोधकांचे उत्तर असे होते की, किल्लीचा पत्ता देणारा आवाज बहुतांशी १० किलोहर्ट्झच्या वर असतो, पंख्याचा त्याच्या बराच खाली. दोन्ही सहज वेगळे करता येतात.