कांगड्याचं मीठ

मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं फक्त 150 मायक्रोग्रॅम. तेवढंही मिळालं नाही, तर थायरॉईड ग्रंथी संप्रेरक बनवण्यासाठी धडपडते आणि फुगते. हाच गलगंड. तो दिसतो तरी. पण गर्भारपणी आईला आयोडीन कमी पडलं, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ते गळ्यावर दिसत नाही.

हिमालयात बर्फ-पावसाने मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. तिथल्या कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्याला साधं. काही वर्षांत त्या दोन्हीकडे गलगंड बराच घटला, तिसरीकडे नाही. मग तिथेही आयोडीनयुक्त मीठ दिलं गेलं. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे एक प्रश्न सोडत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासूनच असं मीठ वापरात होतं. मग तिसऱ्या विभागात त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचं काय? उत्तर देता येतं: आपल्या मातीतला पुरावा नसता, तर देशभराचा खर्च कोणी मंजूर केला असता? ते खरंच आहे. पण मग त्या पुराव्याचं ऋणही मानायला हवं. 2000 साली केंद्राने साध्या खाण्याच्या मिठावरची बंदी उठवली. ती पुन्हा लागू व्हायला 2006 उजाडलं. एकदा किंमत मोजून मिळालेलं ज्ञान असं बाजूला ठेवायचा अधिकार आपल्याला आहे का?